तंजावर पेंटिंगवरचं '22 कॅरेट सोनं' दोन पावसाळ्यात हिरवं पडलं

भुसावळच्या त्याच मंगल कार्यालयावर 'हस्तकला प्रदर्शन, फक्त 3 दिवस' असा बॅनर परत लागलाय म्हणून लिहू राहिलो, नायतर हे सांगायची लाजच वाटते.

नवीन घर बांधलं, हॉलमध्ये शिरलं की समोरची भिंत एकदम मोकळी. इंटिरियरवाला म्हणे तिथं एकच मोठी वस्तू लावा, बाकी गर्दी नको, सल्ला चांगलाच होता. केळीचे पैसे नुकतेच हातात आले होते, म्हटलं लावू काहीतरी भारी. प्रदर्शनात बालकृष्णाचं तंजावर पेंटिंग (तमिळनाडूतल्या तंजावरचं, सोन्याचा वर्ख लावलेलं चित्र) दिसलं, लोण्याचा हंडा, महिरप, सगळं चकाचक. विकणारा लय गोड बोलणारा, "साहेब ही तर आपल्या भोसले राजांनी वाढवलेली कला, व्यंकोजीराजे, सरफोजीराजे!" आता हे खरंच आहे ना भो, तिथंच तर फसलो, गोष्ट खरी अन माल खोटा. 45 हजार सांगून 26 हजारात दिलं, वर 'हॉलमार्क सर्टिफिकेट'. बिल म्हणजे साध्या पॅडचा कागद, जीएसटी नंबर नाही, दुकानाचं नाव नाही, पैसे कोणाच्यातरी पर्सनल खात्यावर.

पहिल्या पावसाळ्यात महिरपीवर काळपट डाग, दुसऱ्यात मुकुट हिरवा. आई म्हणे, "अरे हे तर आपल्या समईसारखं दिसू राहिलं, चिंच लावून घासू का?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

जळगावला ओळखीच्या सराफाकडे नेलं. त्यानं कोपऱ्यातला नखाएवढा वर्ख सोडवला, तेजाबाचा थेंब टाकला, लगेच फसफसून हिरवं पाणी. 22 कॅरेटला असं होत नाही. "भाऊ, पितळी वर्ख आहे. अन हॉलमार्क कागदावर कुठं असतो, तो वस्तूवरच उमटवतात, सोबत 6 अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा ओळख क्रमांक." मग मी मोबाईलचा कॅमेरा झूम करून कृष्णाचा गाल पाहिला तर नुसते प्रिंटचे ठिपके! खऱ्या कामात खडूची पूड अन डिंकाचा लगदा लावून हातानं उठाव काढतात, त्यावर सोन्याचा वर्ख बसवतात. आमच्याकडं तो उठाव साच्यातला होता, दोन्ही बाजूचे मोर सेम टू सेम.

विकणाऱ्याचा नंबर बंद. तक्रार कोणाच्या नावानं करू?

विकणारा सोनं आहे म्हणाला की "सराफाकडून तपासून आणतो, मग पैसे देतो" एवढंच बोलून पाहा, चेहरा बघा त्याचा. काल बायको मुद्दाम चक्कर मारून आली. तोच बालकृष्ण, तेच मोर, भाव आता 60 हजार सांगू राहिला म्हणे.