ऑक्सिमीटर: झाकण वाईट, लाट झकास

आईच्या दम्यामुळे रक्तातला ऑक्सिजन मोजणारा, बोटाला लावायचा हा चिमटा घेतला, त्याला आठ महिने झाले. यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा, त्यामुळे नुसतं वापरून गप्प बसवत नाही.

आधी तक्रार. बॅटरीचं झाकण तिसऱ्याच आठवड्यात मोडलं. तेव्हापासून चिकटपट्टीवर भागवतोय.

पण पडद्यावर आकड्याखाली नाडीच्या ठोक्यांची जी लाट उसळते, तिच्यासाठी सगळं माफ. जपानमध्ये निहोन कोहदेन कंपनीत ताकुओ आओयागी हृदय किती रक्त ढकलतं ते मोजायला निघाले होते. रक्तात रंग सोडायचा, कानाच्या पाळीतून प्रकाश आरपार पाठवायचा आणि रंग कसा विरतो ते बघायचं. नाडीचे ठोके तो आलेख खराब करत. ते पुसायला त्यांनी दुसरा अवरक्त प्रकाश घेतला, ज्याला तो रंग अडवत नव्हता. जमलं! पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की ठोके पुन्हा डोकं वर काढत. म्हणजे जो केर काढायचा, त्यातच ऑक्सिजनचा हिशेब. कातडी, हाड, शिरेतलं रक्त जवळपास स्थिर. धडधडतं ते धमनीतलं, म्हणून तेवढंच वेगळं काढता येतं. १९७४ मध्ये त्यांनी हे मांडलं.

म्हणून लाट नीट दिसेपर्यंत मी आकडा वाचतच नाही. आईची बोटं गार असली की लाट मरते आणि आकडा वाटेल ते सांगतो. हात चोळायचे, मिनिटभर थांबायचं. नखांना रंग नको.

एक गोष्ट खोक्यावर कुठेच नाही. प्रकाशावरून टक्का काढायचं कोष्टक निरोगी माणसांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांच्या धमनीतल्या रक्ताशी ताडून बनवतात. औषधं-उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकी एफडीएच्या २०१३ च्या मार्गदर्शनात अशी किमान १० माणसं पुरत, त्यात गडद वर्णाची किमान २. आणि २०२० मध्ये तिथल्याच रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की कृष्णवर्णीयांचा घटलेला ऑक्सिजन यंत्राच्या नजरेतून गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा सुटतो. आई सावळी. तिला सांगितलं तर म्हणाली, "मेलं, यंत्रालाही गोरीच सून हवी!"

तेव्हापासून तिचा नेहमीचा आकडा वहीत टिपतो. त्याच्यापेक्षा तीनने खाली गेला आणि धाप वाढली की डॉक्टरांना फोन. ९४ दिसलं म्हणून निवांत बसत नाही.

घ्यायचा तर लाट दाखवणाराच घ्या. पाचपैकी चार, एक झाकणाचा कापला.