क्षयरोग-कल्चरसाठी सोडियम हायड्रॉक्साइड: 500 ग्रॅमच्या बाटलीचे परीक्षण

कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्यासाठी, आलेल्या बेडक्यात क्षयाच्या जंतूंबरोबर तोंडातले आणि घशातले असंख्य जिवाणू असतात. क्षयाच्या जंतूला संख्या दुप्पट करायला 15 ते 20 तास लागतात आणि इतर अनेकांना अर्धा तासही पुरतो, त्यामुळे या इतरांचा बंदोबस्त आधी केला नाही तर जंतू वाढवण्याच्या माध्यमावर त्यांचेच राज्य होते. हे काम सोडियम हायड्रॉक्साइड करते. क्षयाच्या जंतूचे मायकोलिक आम्लांनी भरलेले मेणचट आवरण त्याच्या माऱ्यापुढे तग धरते खरे, पण थोडाच वेळ. म्हणूनच या रसायनाची प्रत पारखून घेणे आवश्यक असते.

विभागात सध्या वापरत असलेली बाटली विश्लेषणात्मक दर्जाच्या पेलेट्सची, म्हणजे छोट्या दाण्यांची, आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझा मुद्दा दर्जा आणि पॅकिंग यांच्यापुरता आहे. दाणे पांढरेशुभ्र, सुटे आणि कोरडे निघाले. जाड प्लास्टिकची बाटली आणि आतले दाबून बसवलेले झाकण या दोन्ही गोष्टी मला पसंत पडल्या. हे रसायन हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेते. बाकावर सांडलेला एखादा दाणा पावसाळ्यात पाहता पाहता ओलसर होतो आणि पुढे तिथे पाण्यासारखा दिसणारा, पण कातडी भाजणारा थेंब उरतो. मोठ्या डब्यातला माल वारंवार उघडला की वजनात पाणी आणि कार्बोनेट मिसळते, म्हणजे 4 ग्रॅम मोजूनही प्रत्यक्षात 4 ग्रॅम मिळत नाही. स्वस्त पडतो म्हणून 5 किलोचा डबा मागवण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

आम्ही 4 टक्के द्रावण करतो. हेच 1 नॉर्मल (लिटरमध्ये 40 ग्रॅम) असल्यामुळे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट आणि फिनॉल्फ्थॅलीन वापरून टायट्रेशनने (ज्ञात वजनाच्या रसायनाशी क्रिया घडवून तीव्रता मोजण्याच्या पद्धतीने) त्याची खातरजमा सहज होते आणि या बाटलीच्या द्रावणाने आजवर निराश केलेले नाही. पेलेट्स नेहमी पाण्यात टाकावेत, पाणी पेलेट्सवर ओतू नये. द्रावण चांगलेच तापते, त्यामुळे ते निवल्यावरच आकारमान पूर्ण करावे.

या द्रावणात 2.9 टक्के ट्रायसोडियम सायट्रेट समप्रमाणात मिसळून, त्याच दिवशी दर 100 मिलिलिटरला 0.5 ग्रॅम एन-अॅसिटिल-एल-सिस्टीन (बेडका पातळ करणारे रसायन) घालावे लागते आणि हे मिश्रण 24 तासांच्या आत संपवावे लागते. नमुन्याइतकेच मिश्रण घातल्यावर सोडियम हायड्रॉक्साइडचे अंतिम प्रमाण 1 टक्का राहते. पंधरा मिनिटे झाली की 6.8 सामूचे फॉस्फेट बफर नळीत 50 मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरून क्रिया आवरावी लागते. वीस मिनिटांच्या पुढे गेलो तर आपल्याला हवे असलेले जंतूही मरू लागतात. लोवेनस्टाइन-जेन्सन या अंड्यापासून बनवलेल्या माध्यमावर 3 ते 5 टक्के नळ्या दूषित होणे सर्वसाधारणपणे मान्य असते. दूषित नळ्या त्याहून फारच कमी असतील तर खुश होण्याऐवजी द्रावण अधिक तीव्र झाले का, हे आधी तपासावे, कारण त्यात एखाद्या रुग्णाचे खरे निदान हुकलेले असू शकते.

माझी एक तक्रार आहे. लेबलवर शुद्धतेची फक्त किमान मर्यादा छापली आहे. त्या विशिष्ट बॅचचे विश्लेषण-प्रमाणपत्र मागितल्यावरच मिळते. रुग्णाच्या निदानाशी जोडलेल्या रसायनाबरोबर ते न मागता यायला हवे.

तयार द्रावण काचेच्या घासलेल्या बुचाच्या बाटलीत ठेवू नये, बूच चिकटून बसते. प्लास्टिकची बाटलीच योग्य. चष्मा आणि हातमोजे यांना पर्याय नाही, कारण डोळ्यात गेलेला अल्कली आम्लापेक्षाही खोल शिरतो. केवळ माध्यमाचा सामू जुळवण्यासाठी हे रसायन हवे असेल, तर बाजारात मिळणारे तयार 1 नॉर्मल द्रावण अधिक सोयीचे आहे. क्षयाच्या कल्चरचे काम नियमित असेल, तर मात्र 500 ग्रॅमची ही बाटली मी निःशंकपणे सुचवेन.