मंडळाचा मांडव की गटाची बैठक? युनियनने गल्लीत कुणाचा हात धरावा

निपाणीकडच्या विडी कामगार बायकांना कारखान्याचं गेटच नाही. ठेकेदार पानं-तंबाखू मोजून देतो, विड्या घरात वळल्या जातात आणि छाट, म्हणजे नापास विड्या, बाजूला काढून उरलेल्यांची मजुरी मिळते. मग निदर्शनं करायची कुणाच्या दारात? अशा धंद्यात गल्ली पाठीशी नसेल तर युनियन पावती पुस्तकातच राहते. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या यंत्रमाग कामगारांचंही थोडंफार तसंच. पण गल्लीतलं नेमकं कोण?

बहुतेक जण आधी गणेशोत्सव मंडळाकडे नाहीतर पंचांकडे धावतात. जागा, स्पीकर, भांडी, तरणी पोरं सगळं तयार असतं आणि पोलीस ठाण्यात पंचांच्या शब्दाला वजन असतं. तरी वर्गणीची सगळ्यात मोठी पावती कुणाच्या नावावर फाटते, ते आधी बघा. मागमालक किंवा ठेकेदारच मोठा देणगीदार असेल, तर पंच तिसऱ्या दिवशी 'मिटवून घ्या' म्हणायला येणार. दुसरी अडचण आपल्याकडचीच. 1 नोव्हेंबरला एकाच गल्लीत कुणाचा सीमाभाग कर्नाटकात गेल्याचा काळा दिन, कुणाचा कर्नाटक राज्योत्सव. मागावर मात्र मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे शेजारी-शेजारी उभे असतात. युनियन एका बाजूच्या मांडवात बसली की उरलेले सभासद त्या दिवसापासून लांब बसतात. आणि पंचांच्या बैठकीत बायकांना बोलायला मिळतं का, हे विचारायलाच नको.

बचत गटाची चाल संथ. दहा-वीस बायका, ठरलेल्या दिवशी बैठक. पण कुणाच्या घरी तांदूळ संपलेत आणि कोण चोरून काम घेतंय, हे तिथे आधी कळतं. पासबुकाला भाषाही नसते. गोची आहे ती गटाच्या कर्जाच्या हप्त्याची : संपात एकीचा हप्ता थकला की अख्खा गट अडकतो. संपाआधी गटाशी हे बोलून ठेवलं नाही, तर संप मोडायला मालक लागत नाही.

तिसरी वाट शेतकरी संघटनेची, ती निपाणीने चालून पाहिली आहे. 1981 मध्ये तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवला. 6 एप्रिलच्या गोळीबारात 12 शेतकरी गेले. विडी-तंबाखू कामगारांची संघटना बांधणारे सुभाष जोशीही त्या लढ्यात होते. समोर व्यापारी होता, म्हणून हे जुळलं. मात्र तंबाखूला वाढवून दिलेला भाव व्यापारी मजुरीतून काढायला बघणारच, तेव्हा मजुरीचं बोलणं शेतकऱ्यांशी आधीच व्हायला हवं.

माझा कौल : विडी, धुणीभांडी अशी विखुरलेली कामं असतील तर आधी गट. मालक गल्लीबाहेरचा असेल आणि भांडण चार दिवसांचं असेल, तरच मंडळ. डिसेंबरात बेळगावच्या विधिमंडळ अधिवेशनावेळी सुवर्ण विधानसौधसमोर धरणं धरायचं असेल तर राज्यभरच्या युनियन येतातच. तेव्हा मंडळाकडून भाताची पातेली तेवढी मागून आणावीत.