बिडाचं पातेलं आणि ताटातलं पाणी: आठ महिने वापरल्यावर

पाच लिटरचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, पातेलं घेऊन आठ महिने झाले. आठवड्यातून दोनदा तरी ते गॅसवर चढतं.

मी साडेसातला घरी पोचतो. आधी मटण म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेब: एक कमी पडली तर चिवट, एक जास्त झाली की हाडं वेगळी आणि रेषा वेगळ्या. आता सकाळी डबा भरतानाच अर्धा किलो मटणाला हळद, मीठ आणि आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण चोळून फ्रिजमध्ये ठेवतो. आल्यावर कांदा तांबूस करायचा, मटण पाचेक मिनिटं परतायचं आणि आच एकदम बारीक. वर खोलगट ताट, ताटात पाणी. पुढचा दीड तास मुलीच्या अभ्यासाला मोकळा. मध्ये दोनदा ढवळलं की झालं.

ताटातल्या पाण्याने ताट वाफेपेक्षा गार राहतं. आतली वाफ त्याला खालून लागते आणि थेंब होऊन परत मटणावर पडते, त्यामुळे ते अंगच्या रसातच शिजतं. रस्सा वाढवायचा तर ताटातलंच कढत पाणी ओततो. गार पाणी आई कधीच घालू द्यायची नाही. तापलेल्या बिडाला तर त्याने तडाही जाऊ शकतो. मटण आणताना नळ्या आणि खांदा मागून घ्या. भाकरीचा तुकडा बुडवला की बोटं एकमेकांना चिकटतात, इतका तो रस्सा दाट होतो.

एवढा वेळ नसतो त्या दिवशी हाडासकट चिकन, पस्तीस-चाळीस मिनिटं. भरली वांगी पंचवीस मिनिटांत होतात आणि सालही फाटत नाही.

आता तक्रारी. सोबत आलेलं झाकण नीट बसतच नाही, एका बाजूने वाफ जाते. पैसे पूर्ण मोजले होते, त्यामुळे राग आला. ताटाकडे वळलो ते त्यामुळेच. एकदा टोमॅटोचा रस्सा रात्रभर त्यातच राहिला. सकाळी काळपट रंग आणि तोंडात लोखंडाची चव, सगळा टाकावा लागला. तेव्हापासून कोकम, चिंच अगदी शेवटी घालतो आणि जेवण झालं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढतो. धुऊन, गॅसवर कोरडं करून तेलाचा हात फिरवला नाही तर दुसऱ्या दिवशी गंज दिसतो.

आणि ते जड आहे, भरलेलं असताना दोन्ही हातांनीच उतरवावं लागतं. मनगट दुखत असेल तर जाड बुडाचं साधं पातेलं घ्या. ताटाची युक्ती त्यावरही चालते, फक्त बूड लागू नये म्हणून अधूनमधून जास्त वेळा ढवळावं लागतं.