आणखी डेस्कटॉप की मोठा मॉनिटर?

विंडोंची गर्दी झाली की दोन वाटा दिसतात: आहे त्याच स्क्रीनवर व्हर्च्युअल डेस्कटॉप (एकाच स्क्रीनवर आलटून-पालटून दिसणारे वेगवेगळे पडदे) वाढवायचे, नाहीतर मॉनिटरच मोठा घ्यायचा. मी बराच काळ पहिल्या वाटेने काम केलं, आता दुसरीवर आहे.

व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मॅकवर ते २००७ पासून आहेत, विंडोजमध्ये २०१५ साली विंडोज १० बरोबर आले. खर्च शून्य, आणि लॅपटॉप उचलला की सगळी मांडणी सोबत. लिखाण एकीकडे, मेल-चॅट दुसरीकडे ठेवलं की लक्षही टिकतं.

माझं घोडं अडलं ते आकडे जुळवताना. पीडीएफ एका डेस्कटॉपवर, स्प्रेडशीट दुसऱ्यावर. आकडा वाचायचा, कंट्रोल आणि बाण दाबायचा. पडदा सरकून थांबेपर्यंत शेवटचे दोन अंक पक्के आठवत नाहीत. पुन्हा मागे. दोन्ही एकाच डेस्कटॉपवर आणावं, तर छोट्या स्क्रीनवर शीटचे मोजकेच कॉलम दिसतात, बाकी आडवं सरकवत बसायचं. त्यातून मॅकवर डेस्कटॉपचा क्रम अलीकडच्या वापरानुसार आपोआप बदलतो. ते सेटिंग मुळातच चालू असतं, आधी बंद करा. पण जुळवाजुळवीचा त्रास कुठल्याच सेटिंगने जात नाही, कारण दोन डेस्कटॉप एका वेळी दिसतच नाहीत.

मोठ्या मॉनिटरवर हा प्रश्नच उरला नाही. नजर डावीकडून उजवीकडे, झालं. मात्र नुसतं ‘फोर-के’ (३८४० बाय २१६० पिक्सेल, म्हणजे ठिपके) पाहून घेऊ नका. २७ इंचीवर अक्षरं बारीक वाटतात म्हणून स्केलिंग (अक्षरं-चिन्हं मोठी दाखवण्याचं प्रमाण) १५० टक्के केलं, की अक्षरं सुबक दिसतात, पण कामाची जागा २५६० बाय १४४० एवढीच उरते. ३२ इंचीवर माझ्या डोळ्यांना १२५ टक्के पुरतात. अल्ट्रावाइडवर (नेहमीपेक्षा बऱ्याच रुंद मॉनिटरवर) पूर्ण स्क्रीन शेअर केली, तर समोरच्याला लॅपटॉपवर अक्षरं वाचता येत नाहीत. तिथे एकच विंडो शेअर करावी लागते.

सतत फिरतीवर असाल, किंवा एका वेळी एकच विंडो लागत असेल, तर व्हर्च्युअल डेस्कटॉपच पुरेत. मीही चॅटसाठी एक वेगळा ठेवलाच आहे. पण काम दोन कागद शेजारी ठेवून करायचं असेल, तर माझं मत मॉनिटरला. टेबलाची खोली तेवढी आधी मोजून घ्या; ३२ इंची स्क्रीन अगदी नाकासमोर आली तर कडेचं वाचायला मान वळवावी लागते.