पॅरिसचा शिळाछाप, मुंबईतला सेरिग्राफ की आपले मुद्राचित्रकार? लिलावातून पहिली खरेदी करणाऱ्यासाठी

लिलावातून एखादे चांगले आधुनिक मुद्राचित्र, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेले चित्र, घ्यावे असे ज्याच्या मनात आहे आणि त्यासाठी ज्याने लाख-दोन लाख रुपये बाजूला काढले आहेत, त्याच्यापुढे ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली वाट पिकासो, शागाल, मिरो यांच्या पॅरिसमध्ये छापलेल्या लिथोग्राफची, म्हणजे शिळाछापांची. दुसरी हुसेन, रझा अशा आपल्या मोठ्या नावांच्या सही केलेल्या सेरिग्राफची, म्हणजे रेशमी पडद्यातून छापलेल्या चित्रांची. तिसरी वाट ज्यांनी मुद्राचित्रणात मोठे काम केले त्या भारतीय चित्रकारांची. कृष्णा रेड्डी, सोमनाथ होर, ज्योती भट्ट, अनुपम सूद ही त्यांतली काही नावे. तिन्हींत पैसे घालता येतात, तिन्हींत फसताही येते. मात्र फसण्याची कारणे प्रत्येक ठिकाणी वेगळी आहेत.

तुलना करायची तर आधी निकष ठरवला पाहिजे, आणि तो नावाचा किंवा सहीचा असू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या दगडावरून, पत्र्यावरून किंवा लाकडावरून हा कागद छापला गेला, त्यावर चित्रकाराचा स्वतःचा हात फिरला होता का, हा खरा प्रश्न आहे. गंमत म्हणजे या बाबतीत कलासमीक्षकांपेक्षा सीमाशुल्क खात्याची भाषा अधिक नेमकी आहे. जकातीच्या वर्गीकरणातील 97 व्या प्रकरणाच्या टिपेनुसार, चित्रकाराने संपूर्णपणे हाताने तयार केलेल्या एका किंवा अनेक ठशांवरून थेट काढलेला छापच 'मूळ' मानला जातो. ठसा कोणत्या पद्धतीचा किंवा कोणत्या पदार्थाचा आहे याला महत्त्व नाही, पण यांत्रिक किंवा छायाचित्रणाच्या साहाय्याने केलेली प्रक्रिया त्यात बसत नाही. परदेशातून मागवलेल्या कागदावर कोणत्या शीर्षाखाली शुल्क लागेल हेही यावरूनच ठरत असल्यामुळे ही व्याख्या खरेदीदाराने जवळ बाळगावी.

पॅरिसपासून सुरुवात करू. आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेल्या या तंत्राचा पाया साधा आहे: चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूने काढायचे, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा, तेलकट रेघ शाई धरते, ओला भाग ती नाकारते. 1945 च्या अखेरीस पिकासो फेर्नां मुर्लोच्या छापखान्यात जाऊन काम करू लागला आणि पुढील काही वर्षांत त्याने तेथील अनुभवी कारागिरांनाही चकित करील इतके प्रयोग केले. जानेवारी 1949 मध्ये त्याने जस्ताच्या पत्र्यावर पातळ केलेल्या शाईच्या झाकांतून एक कबूतर काढले. काळ्या पार्श्वभूमीवरच्या त्या पांढऱ्या पक्ष्याच्या पिसांतली राखाडी छटा रेघेने नव्हे, तर शाई पाण्यात विरत गेल्याने उमटली आहे. त्याच्या सही केलेल्या, क्रमांक घातलेल्या प्रती पन्नास. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसला भरलेल्या शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकावर हेच कबूतर गेले आणि जगभर पोहोचले. चित्र तेच असले तरी पन्नासांतली प्रत आणि भित्तिपत्रक या लिलावाच्या दृष्टीने दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि आपल्या अंदाजपत्रकात त्यांपैकी पहिली कधीच बसणार नाही.

मग काय बसते? नियतकालिकांसाठी छापलेले मूळ शिळाछाप. प्रकाशक तेरियाद याच्या 'व्हर्व्ह'चा 1956 चा बायबलवरील अंक आणि पॅरिसचे कलादालनवाले माग यांनी 1946 ते 1982 या काळात काढलेले 'देरिएर ल मिरुआर' ही त्याची दोन प्रमुख उदाहरणे. त्यांतील बरेच लिथोग्राफ मूळ आहेत, पण ते हजारोंच्या संख्येने छापले गेले आणि त्यांवर सही नाही. त्यामुळे एकेक सुटे पान काहीशे युरोंत मिळू शकते. शागालचा बायबलचा अंक हाताळायला मिळाला तर बारकाईने पाहावा. बहुतेक रंगीत लिथोग्राफच्या पाठीमागे काळ्या शाईतला दुसरा लिथोग्राफ छापलेला असतो, त्यामुळे पान उलटून पाहिले की खात्री पटू लागते. मात्र त्याच अंकात शागालच्या एचिंगच्या (आम्लाने पत्रा कोरून काढलेल्या छापांच्या) फोटोयांत्रिक प्रतिकृतीही मोठ्या संख्येने आहेत, आणि अंक फोडून पाने विकणारे काही विक्रेते त्या प्रतिकृतीच 'एचिंग' म्हणून खपवतात. ही पाने देखणी आहेत, पण मूळ नाहीत.

पॅरिसच्या वाटेवरचा मोठा खड्डा सहीचा आहे. नियतकालिकातल्या अस्सल पण बिनसहीच्या पानावर नंतर कोणीतरी पेन्सिलीने सही ठोकून किंमत अनेक पटींनी वाढवल्याचे प्रकार या बाजारात जुने आहेत. म्हणून घडीची खूण, पाठीवरचा मजकूर किंवा कापलेली कड असलेल्या पानावर सही आणि क्रमांक दिसला, तर तो आनंदाचा नव्हे, संशयाचा विषय समजावा. साल्वादोर दालीच्या बाबतीत तर प्रश्न आणखी बिकट आहे. त्याने कोऱ्या कागदांवर मोठ्या प्रमाणात सह्या करून दिल्यामुळे अस्सल सहीखाली काहीही छापलेले असू शकते. पहिली खरेदी दालीची नसावी, एवढेच सांगतो.

दुसरा बारकावा कॅटलॉगमधल्या शब्दांचा. नावाआधी 'आफ्टर' किंवा फ्रेंच लिलावात 'द'आप्रे' लिहिलेले असेल, तर चित्र त्या कलावंताच्या कामावरून दुसऱ्या कोणी दगडावर उतरवले आहे. शागालच्या कामावरून शार्ल सोर्लियेने केलेली 1967 ची नीस आणि कोत द'आझूरची मालिका याच प्रकारची आहे. तिच्यावर शागालची सही आहे आणि तिला किंमतही भरपूर येते. सोर्लिये असामान्य कारागीर होता, त्यामुळे मी या प्रकाराला खोटा म्हणणार नाही. पण वरच्या निकषात तो बसत नाही आणि किंमत मात्र मूळ असल्यासारखी मागतो.

पॅरिसच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा आहे तो नोंदींचा. पिकासोसाठी ब्लॉख, बेअर आणि मुर्लो, शागाल आणि मिरोसाठीही मुर्लोचे सूचीग्रंथ उपलब्ध आहेत. कागद कोणता, माप किती, प्रती किती हे त्यांत असते. लॉटच्या, म्हणजे लिलावात एका बोलीत विकायला ठेवलेल्या वस्तूच्या, वर्णनात सूची-क्रमांक नसेल तर तो मागावा, आणि माप मिलिमीटरपर्यंत जुळवून पाहावे, कारण समास छाटलेला असेल तर तो येथेच उघडा पडतो.

आता मुंबईचा सेरिग्राफ. रेशमी पडद्यातून रंग ढकलून छापण्याच्या या पद्धतीत मुळात काही उणे नाही. चित्रकाराने स्वतः पडदे कापले तर सेरिग्राफ हे लिथोग्राफइतकेच मूळ काम ठरते. पण हुसेन-रझांच्या नावाने बाजारात फिरणारे बहुतेक सेरिग्राफ हे आधीच रंगवलेल्या चित्रावरून कारागिरांनी तयार केलेले आहेत; चित्रकाराने प्रत मंजूर केली आणि खाली सही केली. म्हणजे पॅरिसच्या भाषेत हे 'द'आप्रे'च झाले, फक्त आपल्याकडे कॅटलॉगमध्ये तसा शब्द क्वचितच लिहितात. आवृत्त्याही बऱ्याच मोठ्या असतात. रझांचा बिंदू, म्हणजे त्यांच्या चित्रांत वारंवार येणारे ते वर्तुळ, दिवाणखान्याच्या भिंतीवर छान दिसतो, रंग घट्ट आणि ताजे असतात, आणि पाहुण्यांना नाव सांगावे लागत नाही. ज्याला एवढे हवे आहे त्याने तो निःशंकपणे घ्यावा. संग्रह करायचा आहे असे म्हणणाऱ्याला मात्र मी ही वाट सुचवणार नाही, कारण येथे पैशाचा बहुतांश भाग सहीसाठी जातो आणि कागदावर चित्रकाराने केलेले काम तेवढेच असते.

याच ओघात रविवर्म्याच्या ओलिओग्राफचा उल्लेख करणे भाग आहे, कारण 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला हललेल्या त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या लिलावांतही येतात. रविवर्म्याच्या चित्रांवरून कारागिरांनी दगडांवर उतरवलेले हे रंगीत शिळाछाप काटेकोर अर्थाने मूळ नाहीत, पण महाराष्ट्राच्या घराघरांतल्या देवांना चेहरा दिला तो त्यांनी, आणि इतिहासाचा दस्तऐवज म्हणून त्यांचे मोल वेगळे आहे. नंतरच्या पुनर्मुद्रणांचा सुळसुळाट मात्र प्रचंड आहे. परदेशस्थ मराठी खरेदीदाराने हेही ध्यानात घ्यावे की 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि रविवर्म्याची गणना राष्ट्रीय कलासंपत्तीत मोडणाऱ्या चित्रकारांत होते.

तिसरी वाट मला सर्वांत मोलाची वाटते. कृष्णा रेड्डींचे उदाहरण घ्या. पॅरिसमध्ये इंग्रज मुद्राचित्रकार हेटरच्या 'अतेलिए 17' या कार्यशाळेत त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एकाच पत्र्यावरून एकाच दाबात अनेक रंग छापण्याची पद्धत विकसित केली. शायांत तेलाचे प्रमाण कमी-जास्त ठेवायचे, म्हणजे एक शाई दुसरीला स्वीकारते किंवा दूर लोटते. मग कडक आणि मऊ रुळांनी पत्र्याच्या उंच आणि खोल भागांवर वेगवेगळे रंग चढवायचे. रेड्डी शिल्पकारही असल्याने त्यांचा पत्रा उथळ उठावशिल्पासारखा कोरलेला असतो. 1963 चे 'व्हर्लपूल' तिरक्या प्रकाशात धरले तर कागदावर पत्र्याचे चढउतार दिसतात, आणि एकाच आवृत्तीच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर रंगांचा तोल किंचित बदललेला आढळतो. प्रतिकृती असा अनुभव देऊच शकत नाही.

या वाटेवर सगळेच स्वस्त आहे असे नाही. झरीना हाश्मी यांच्या काष्ठछापांना आज आंतरराष्ट्रीय संग्रहालयांत स्थान आहे आणि भावही त्याच पातळीचे आहेत. ज्योती भट्ट, लक्ष्मा गौड, अनुपम सूद यांची एचिंग मात्र लाख-दोन लाखांच्या आत मिळण्याची शक्यता अजून आहे, आणि अंधेरीत कित्येक वर्षे काढलेल्या चित्तोप्रसादांची लिनोकटही (लिनोलियम कोरून काढलेले छाप) अधूनमधून येतात. अडचण नोंदींची आहे. आपल्याकडे या चित्रकारांपैकी फार थोड्यांचे परिपूर्ण सूचीग्रंथ झाले; कागदाखाली 5/25 लिहिलेले असले तरी पंचवीसच्या पंचवीस प्रती छापल्या गेल्याच असतील असे नाही, कारण मागणीनुसार थोड्या थोड्या छापण्याची पद्धत बऱ्याच जणांची होती. मालकीचा पूर्वेतिहास विचारणे म्हणूनच येथे अधिक गरजेचे ठरते.

खर्चाच्या हिशेबात पॅरिसची वाट दिसते त्याहून महाग पडते. हातोडा 1,000 युरोंवर पडला आणि लिलावगृहाचा बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क, 25 टक्के धरला, तर 1,250 युरो तिथेच झाले; त्यावर काही वेळा चित्रकाराच्या वारसांना द्यायची पुनर्विक्रीची रक्कम, मग विमा, पॅकिंग, कुरिअर आणि इथे उतरल्यावर सीमाशुल्क व जीएसटी. काहीशे युरोंच्या एकाच पानासाठी हा खटाटोप परवडत नाही; एकाच लिलावातले तीन-चार लॉट एकत्र मागवले तर गणित जुळते. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला ही अडचण तेवढी नाही, त्यामुळे त्याच्यासाठी पॅरिसचे पारडे साहजिकच जड होते. मुंबईतल्या लिलावात प्रीमियम आणि जीएसटी द्यावे लागतातच, पण वस्तू आधी हातात घेऊन पाहता येते, आणि कागदाच्या बाबतीत याची किंमत मोठी आहे.

कागदाची तब्येतही दोन्हीकडे वेगवेगळ्या कारणांनी बिघडते. युरोपातली पाने वर्षानुवर्षे उजेडात टांगल्याने पिवळी पडलेली आणि माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ उमटलेली आढळतात. आपल्याकडे पावसाळ्याची दमट हवा, बुरशीचे चॉकलेटी ठिपके, कसर आणि मागे डिंकाने पक्की चिकटवलेली पुठ्ठ्याची पाठ हे चार शत्रू आहेत. ठिपके संवर्धकाकडून काही अंशी कमी करून घेता येतात. पाठीला चिकटवलेले पान सोडवणे मात्र खर्चिक आणि धोक्याचे असते, म्हणून अशा लॉटवर मी बोलीच लावत नाही. छापील ठिपक्यांची तपासणी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने करावी: लिथोग्राफमध्ये खडूची ओबडधोबड, अनियमित कणी दिसते, तर ऑफसेटच्या प्रतिकृतीत एकसारख्या ठिपक्यांची जाळी.

पुढे विकायची वेळ आली तर शागाल-मिरोच्या पानांना बहुतेक मोठ्या शहरांत गिऱ्हाईक मिळते, सेरिग्राफला मुख्यतः भारतात, आणि भारतीय मुद्राचित्रांना थोडे पण जाणते. परत विकण्याचा विचार आधीच मनात असेल, तर परदेशात राहणाऱ्याने पॅरिस निवडावे. इथे राहून, भिंतीवर वर्षानुवर्षे पाहायला घेणाऱ्याने दोन लाखांतले दीड लाख भट्ट किंवा सूद यांच्या एखाद्या उत्तम प्रतीच्या एचिंगला द्यावेत आणि उरलेल्या रकमेतून आम्लविरहित माउंट आणि अतिनील किरण अडवणारी काच घ्यावी. बोली लावण्यापूर्वी लिलावगृहाकडून लेखी कंडिशन रिपोर्ट (कागदाच्या स्थितीचा अहवाल) आणि फ्रेममधून काढलेल्या कागदाच्या पाठीचे छायाचित्र मागवावे. बरीच लिलावगृहे विनंती केल्यावर ते पाठवतात, फक्त लिलावाच्या आदल्या दिवशी मागू नये.