रेडिएशन थेरपीची पदवी: चार वर्षं शिकून आणि चौदा महिने वापरून

पदवीचा कागद हातात पडून चौदा महिने झाले. कोर्स कसा आहे हे शिकत असताना विचारलं असतंत तर मी निम्मं चुकीचं सांगितलं असतं. कंटाळवाणे वाटलेले दोन विषय आता रोज कामाला येतात, आणि ज्यावर रात्री जागवल्या त्यातलं बरंचसं विसरून गेलेय. म्हणून मुद्दाम थांबून लिहितेय.

आधी घोळ मिटवू. "म्हणजे तू एक्स-रे काढतेस?" हे मी शंभरदा तरी ऐकलंय. नाही. एक्स-रे काढणारे शरीराच्या आतलं बघतात, आम्ही किरणांनी उपचार देतो, मुख्यतः कॅन्सरवर. कुठे आणि किती डोस द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. तो तिथे कसा पोचवायचा, किती कोनांतून, शेजारचे अवयव कसे वाचवायचे याचा आराखडा डोसिमेट्रिस्ट (डोसचा हिशोब मांडणारे) आणि फिजिसिस्ट बनवतात. आणि तो आराखडा खऱ्या, श्वास घेणाऱ्या, कधी घाबरलेल्या तर कधी खोकणाऱ्या माणसावर रोज उतरवायचा, हे आमचं काम. पेशंट याला 'लाइट घेणं' म्हणतात. पहिल्या वर्षी मी ते सुधारायला जायचे. आता मीही म्हणते, "चला, लाइट घेऊन टाकू."

पहिलं वर्ष फिजिक्सने खाल्लं. बारावीपर्यंतच्या फिजिक्सशी तुमचं जमलं नसेल तर इथे दम लागेल, पण जीव जाणार नाही. गणित अवघड नाही, कल्पना डोक्यात बसायला वेळ लागतो. डोसचं एकक ग्रे, म्हणजे एका किलोला एक ज्यूल ऊर्जा. आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात हिशोब करायला लावला: एक ग्रे पाण्याला दिला तर तापमान किती वाढेल? उत्तर ०.०००२४ अंश. मग म्हणाले, संपूर्ण शरीराला एकदम सुमारे ४ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. आणि अंग तापतं अंशाच्या हजाराव्या भागाने. वर्ग गप्प झाला होता. हेच आता पेशंटला दुसऱ्या टोकाने सांगावं लागतं. "काहीच जाणवलं नाही, मशीन चालू तरी झालं का?" असं विचारणारे बरेच असतात. तेव्हा तो ०.०००२४ डोक्यात असतो आणि तोंडी साधं वाक्य येतं: झालं, जाणवत नाहीच.

कोबाल्टवर, म्हणजे किरणोत्सारी कोबाल्टच्या स्रोतातून किरण देणाऱ्या मशीनवर, जवळजवळ अख्खं सत्र गेलं आणि त्याचा मला राग होता. मी आज काम करते तिथे कोबाल्टचं मशीन नाही, सगळं लिनॅकवर, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या मशीनवर. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षं, म्हणजे स्रोत महिन्याला साधारण एक टक्का मंदावतो आणि तेवढा उपचाराचा वेळ वाढवत न्यावा लागतो. स्रोतापासून ८० सेंटीमीटरवरच्या डोसचा हिशोब आम्ही कागदावर इतक्या वेळा केला की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. राग अजून थोडा आहे, पण एक कबूल करते. अंतर वाढलं की डोस अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, हे हाताने पन्नास गणितं केल्याशिवाय अंगात मुरत नाही. सगळं सॉफ्टवेअरवर शिकलेल्यांना पडद्यावरचा आकडा विचित्र दिसला तरी खटकत नाही. मला खटकतो.

सगळ्यात आवडता पेपर रेडिओबायोलॉजी, म्हणजे किरणांचा पेशींवर होणारा परिणाम. एवढा डोस एकदम न देता रोज थोडा थोडा का, याचं उत्तर तिथे मिळतं. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये क्लॉडियस रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. वृषणाला एका बैठकीत जबर डोस दिला तर वरची कातडी जळायची, तोच तुकड्यांत दिला की कातडी वाचायची आणि शुक्रपेशी बनणं तरीही थांबायचं. तिथून पुढे निरोगी पेशींची दुरुस्ती, गाठीतल्या पेशींना पुन्हा मिळणारा ऑक्सिजन, हे सगळं उलगडत जातं. पण पुस्तकं मागे पडतात. आमच्या पुस्तकात स्तनाच्या कॅन्सरला पंचवीस फ्रॅक्शन, म्हणजे डोसचे पंचवीस तुकडे, होते. पंधरा फ्रॅक्शनमध्ये ४० ग्रे ही पद्धत कधीच रुळली होती आणि २०२० मध्ये पाच फ्रॅक्शनमध्ये २६ ग्रेच्या चाचणीचे पाच वर्षांचे निकाल आले होते. एका मॅडमनी पुस्तक मिटून तो पेपर वाचून घेतला म्हणून आम्हाला कळलं. वेटिंगमध्ये पेशंट एकमेकींशी तुलना करतात. "तिचं आठवड्यात आटोपलं, माझं पाच आठवडे का? माझं जास्त आहे का?" डॉक्टरांच्या अधिकारात न शिरता, पण तिला वाऱ्यावरही न सोडता, याचं उत्तर द्यावं लागतं. तो पेपर वाचला नसता तर मी नुसती "डॉक्टरांना विचारा" म्हणून मोकळी झाले असते.

सुरक्षिततेचा विषय कोरडा असेल असं वाटलं होतं. थेरॅक-२५ या उपचाराच्या मशीनने ते मत बदललं. १९८५ ते १९८७ मध्ये या मशीनवर सहा पेशंटना प्रचंड जादा डोस गेला, काही जण त्यातच दगावले. आम्हाला त्यातली एकच घटना मिनिटामिनिटाने शिकवली. किरणांचा प्रकार म्हणून ऑपरेटरने चुकून एक्स-रे निवडला, लगेच दुरुस्त करून इलेक्ट्रॉन केला. बोटं सरावाची, म्हणून दुरुस्ती इतक्या झटपट झाली की सॉफ्टवेअरला ती नीट पकडताच आली नाही. पडद्यावर 'मालफंक्शन ५४' आलं. असले संदेश तिथे रोजचेच, त्यामुळे पुढे चालू ठेवायचं बटण दाबलं गेलं. आत पेशंटला विजेचा झटका बसल्यासारखं झालं होतं, तो उठू पाहत होता; आणि त्या दिवशी इंटरकॉम बिघडलेला, कॅमेऱ्याच्या मॉनिटरची वायर काढलेली.

आता सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मी कॅमेरा आणि इंटरकॉम तपासते, दाराचं इंटरलॉक (दार उघडं असेल तर किरण रोखणारी सोय) बघते, लेझर जुळतात का बघते, मशीनचं आउटपुट, म्हणजे बाहेर पडणारा डोस, ठरलेल्यापेक्षा तीन टक्क्यांच्या आतच इकडेतिकडे आहे ना ते बघते. यातलं काही टाळावंसं वाटलं, आणि वाटतं, कारण बाहेर चाळीस माणसं ताटकळत असतात, की ती काढलेली वायर आठवते. याद्या कुणीही पाठ करून घेईल. यादीतली ओळ तिथे का आली हे कोर्सने सांगितलं, आणि फीचे पैसे माझ्या मते तिथे वसूल झाले.

दुसऱ्या वर्षापासून हॉस्पिटलात पोस्टिंग. पहिले दोन महिने मी भिंतीला टेकून उभी होते. अक्षरशः. विद्यार्थी म्हणजे चादर बदलणारा जादा हात, असं त्या विभागात धरलं जायचं. लॉगबुकमध्ये सह्या मिळत गेल्या, हाताला मात्र काहीच लागलं नाही. तक्रार केल्यावर दुसऱ्या ठिकाणी पाठवलं आणि तिथे एका सीनियर ताईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "मास्क बनवलायस?" बघितलाय, म्हणाले. त्या हसल्या. "मग नाही बनवलास."

डोक्या-मानेच्या उपचारात चेहरा हलू नये म्हणून जाळीचा मास्क लागतो. थर्मोप्लास्टिकची चौकट साधारण ६५-७० अंशांच्या पाण्यात टाकली की पापडाच्या ओल्या लाटीसारखी लुळी पडते. दोघींनी दोन बाजूंनी धरून, पाणी निथळून, एका दमात चेहऱ्यावर ओढायची आणि बोर्डला अडकवायची. मग घाई. नाकाच्या मुळाशी अंगठे, हनुवटीखाली बोटं, कपाळावर तळवा, तो निवायच्या आत. हनुवटीखाली पोकळी राहिली तर पेशंट पुढचे सहा आठवडे त्या पोकळीत रोज थोडा थोडा सरकणार. जास्त दाबलं तर गार होताना मास्क किंचित आवळतो आणि पेशंटचा जीव घुसमटतो. माझा पहिला मास्क हनुवटीला सैल झाला. ताईंनी तो फेकायला लावला, पेशंटची माफी मागितली आणि माझ्याच हातून दुसरा करून घेतला. पेशंट आजोबा होते. म्हणाले, "दोन केलेत तर एक घरी नेऊ का?"

माझी खरी चूक तिसऱ्या वर्षातली. पेशंट पालथा झोपलेला. त्वचेवर खुणेसाठी केलेल्या टॅटूंवर लेझर जुळवून झाले, तिथून आयसोसेंटरपर्यंत (सगळे किरण जिथे एकवटतात तो बिंदू) ४.५ सेंटीमीटर डावीकडे सरकवायचं होतं. मी सरकवलं, मोठ्या आत्मविश्वासाने, माझ्या सवयीच्या डाव्या बाजूला. पालथ्या माणसाचं डावं पलटलेलं असतं. समोरच्या सहकाऱ्याने शिफ्टचा, म्हणजे किती सरकवायचं त्याचा, कागद मोठ्याने वाचला, काउचकडे (पेशंटच्या टेबलाकडे) बघितलं आणि माझा हात धरला. स्कॅन व्हायच्या आधीच सापडलं. तिथे सुटलं असतं तरी उपचाराआधीच्या त्या स्कॅनमध्ये (कोन-बीम सीटी) दिसलंच असतं, म्हणून पेशंटला काही झालं नाही. पण नऊ सेंटीमीटरची चूक होती ती. नियर-मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या चुकीचा, फॉर्म मी स्वतः भरला. तिथे कुणी ओरडलं नाही, आणि त्यामुळे पुढचीही चूक मी लपवली नसती असं आज वाटतं. आजही शिफ्ट वाचताना मी 'पेशंटचं डावं' असं पूर्ण म्हणते. नवीन पोरं हसतात. हसू देत.

आता जे कमी पडलं ते. संवाद हा विषय एका सत्रात, स्लाइड्सवर, वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा घेऊन उरकला. 'सहानुभूती म्हणजे काय, योग्य पर्याय निवडा.' प्रत्यक्षात एकच माणूस तुम्हाला सलग तीस-पस्तीस दिवस भेटतो. पहिल्या आठवड्यात तुमचं नाव विचारतो, तिसऱ्यात गिळताना दुखतं म्हणून बोलायचं थांबतो, पाचव्यात मास्क सैल होऊ लागतो कारण वजन उतरलेलं असतं. ते सगळ्यात आधी तुमच्या हातांना कळतं, डॉक्टरांना आठवड्यातून एकदा दिसतो तो. काय बघायचं, कुणाला कधी सांगायचं, एखाद्या सोमवारी तो आलाच नाही तर पुढच्या पेशंटसमोर कसं उभं राहायचं, यावर चार वर्षांत एक तासही नाही.

कंबरेबद्दलही कुणी बोललं नाही. दिवसभर माणसं सरकवायची असतात. उचलायचं तंत्र आम्हाला अर्ध्या दुपारी दाखवलं आणि विसरलो. ब्रेकीथेरपी, म्हणजे किरणांचा स्रोत शरीरात गाठीजवळ ठेवून उपचार, पाच वेळा काचेतून पाहिली, तेवढ्यावर परीक्षा दिली. कॉलेजात आभासी लिनॅकची खोली होती, चष्मा घालून गॅन्ट्री (पेशंटभोवती फिरणारा मशीनचा भाग) फिरवायची. कॉलिमेटरचे (किरणांच्या झोताला आकार देणारा भाग) कोन आणि गॅन्ट्री काउचला कुठे आपटेल हे समजायला ती उत्तम. पण त्यातला पेशंट कधी शिंकत नाही.

माझ्या बाजूची चूक म्हणजे छेदातली शरीररचना मी परीक्षेपुरती केली. सीटीच्या एकेका कापात काय दिसतं ते. नोकरीच्या पहिल्या तीन महिन्यांत रोजच्या स्कॅनवर मूत्राशय भरलंय की नाही, गुदाशयात वायू आहे का, हे दोन मिनिटांत ठरवताना घाम फुटायचा. घरी बसून पुन्हा पहिल्यापासून केलं. ज्युनिअर्सना सांगते, कंटाळा येईल, तरी हा विषय सोडू नका.

घरच्यांची भीती एकच: रोज किरणांत काम करून तुला काही होणार नाही ना? काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची (शरीराला मिळालेल्या किरणांचं एकक) आहे, कोणत्याही एका वर्षात ५० च्या वर नाही. माझ्या अंगावरच्या किरण मोजणाऱ्या बॅजचं रीडिंग त्याच्या जवळपासही आलेलं नाही. लिनॅक बंद असला की बीम, म्हणजे किरणांचा झोत, नसतो, चालू असतो तेव्हा आम्ही जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडे असतो. आईला बॅजचा रिपोर्ट दाखवला. तिने चष्मा लावून वाचला, आणि तरी म्हणाली, "जपून."

हा कोर्स कुणी घेऊ नये? ज्यांना रोज नवं काहीतरी हवं असतं त्यांनी. इथे एकच क्रम दिवसाला पस्तीस-चाळीस वेळा होतो: नाव विचारा, जन्मतारीख विचारा, फोटो ताडा, झोपवा, जुळवा, बाहेर या, दार, बीम. पेशंटला तीस दिवस ओळखता, तरी एकतिसाव्या दिवशी त्याचं नाव त्याच्याच तोंडून ऐकायचं. एक काका चिडायचे, "अजून नाव माहीत नाही का तुला?" माहीत असतं, काका. सांगा तरी.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर घेईन. कॉलेज निवडताना मात्र इमारत, प्रयोगशाळा, निकाल यातलं काही विचारणार नाही. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारेन: मास्क बनवलायस, की बघितलायस?